वाचकांचे प्रश्न : आपल्या आदर्श व्यक्तीचं डिजिटल व्यक्तिचित्र

ज्यांना आपण मानतो, ज्यांच्यामुळे घडलो, त्यांचं चित्र स्वतःच्या हाताने करावं असं वाटणाऱ्या अनेक वाचकांचे प्रश्न आले आहेत. कुणाला आजोबांचं चित्र करायचं आहे, कुणाला शिक्षिकेचं, कुणाला खेळाडूचं. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : नवा टॅबलेट घेतला आहे. माझ्या पहिल्या प्रशिक्षकांचं चित्र काढून ते ए३ आकारात छापायचं आहे. कॅनव्हास केवढा घेऊ? कोणतं सॉफ्टवेअर, किती लेअर?

उत्तर : छपाईचा आकार आधीच ठरवलात हे चांगलं केलंत. डिजिटल चित्र पूर्ण झाल्यावर मोठं केलं की कडा मऊ पडतात आणि ब्रशचे फटकारे धूसर होतात. ए३ साठी ३०० पीपीआयने (एका इंचात ३०० पिक्सेल) कॅनव्हास ३५०८ × ४९६१ पिक्सेलचा लागतो, ए४ साठी २४८० × ३५०८ चा. ए३ चा पूर्ण भरलेला एक लेअर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एक) नेहमीच्या ८ बिट रंगात सुमारे ७० एमबी मेमरी घेतो. म्हणूनच मोठ्या कॅनव्हासवर पेन अडखळतं, आणि आयपॅडवरचं प्रोक्रिएट तर लेअरच मोजके देतं. यावर उपाय असा : कच्चं रेखाटन आणि मोठे छायाप्रकाश निम्म्या आकारात, म्हणजे १७५४ × २४८० वर करा. बारकाव्यांना हात घालायच्या आधी कॅनव्हास पूर्ण आकाराचा करा. त्या टप्प्यावर आलेली धूसरता पुढच्या रंगकामाखाली झाकली जाते.

सॉफ्टवेअरवर अडून राहू नका. क्रिटा फुकट आहे आणि व्यक्तिचित्राला लागणारं सगळं त्यात आहे. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट, आधीपासून फोटोशॉप वापरत असाल तर तेच. ब्रशही तीनच पुरतात : कडक कडेचा गोल, थोडा खरखरीत चपटा आणि मऊ एअरब्रश. एअरब्रश शेवटी आणि जपून.

लेअर पाच ठेवा. पार्श्वभूमी, रेखाटन, डोकं-खांद्यांचा सपाट आकार, त्या आकाराला क्लिपिंग मास्कने (रंग आकाराबाहेर जाऊ न देणारी सोय) बांधलेलं रंगकाम आणि चष्मा किंवा केसांच्या मोकळ्या बटा. नाक एका लेअरवर, ओठ दुसऱ्यावर असं करू लागलात तर त्यांच्यामधली त्वचा कधीच सलग रंगवली जात नाही आणि अवयव चिकटवल्यासारखे दिसतात. प्रत्येक टप्प्याला फाइल वेगळ्या नावाने, लेअरसकट सेव्ह करा.

प्रश्न : आजोबांचा एकच फोटो उरला आहे. पासपोर्ट आकाराचा, कृष्णधवल, जरा पुसट. मोबाइलवर घेऊन एआयने स्पष्ट केला. डोळे सुरेख आले, पण घरचे म्हणतात हे आजोबा नाहीत. काय चुकलं?

उत्तर : घरच्यांचं बरोबर आहे. फोटो स्पष्ट करणारं एआय हरवलेला तपशील परत आणत नाही. असंख्य इतर चेहऱ्यांवरून अंदाज बांधून ते नवा तपशील भरतं. पापणीचा उतार, ओठांच्या कोपऱ्यातला किंचित वाकडेपणा, दोन डोळ्यांतला फरक या गोष्टी त्यात सरासरीकडे सरकतात, आणि माणूस नेमका त्यांच्यावरूनच ओळखू येतो. ती फाइल बाजूला ठेवा आणि मूळ फोटोच प्रमाण माना.

फोटो स्कॅनरवर १२०० डीपीआयने (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा. ३५ × ४५ मिलीमीटरच्या फोटोचे साधारण १६५० × २१२५ पिक्सेल मिळतात, तेवढे भरपूर होतात. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. रंगीत फाइल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलची बनलेली असते. जुन्या कागदावरचे पिवळट-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद आणि लाल चॅनेलमध्ये सर्वांत फिके दिसतात. फक्त लाल चॅनेल घेतला की निम्मी सफाई आपोआप होते. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. स्कॅनर नसेल तर फोटो सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून प्रकाश द्या, फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल फोटोला समांतर धरा. अगदी जवळ न जाता थोडं मागे सरून २ पट झूम करा. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर छपाईच्या ठिपक्यांमुळे स्कॅनमध्ये लहरींची जाळी उठते. ते ६०० डीपीआयने स्कॅन करा, ठिपके एकमेकांत मिसळतील इतपतच ब्लर द्या आणि मग आकार निम्मा करा.

पुसट फोटोतसुद्धा मोठे आकार विश्वासार्ह असतात : कपाळाची रुंदी, डोळ्यांच्या खोबणीतली सावली, जबड्याची रेषा. चित्र त्यांच्यावर उभं करा. फोटोत जे दिसतच नाही ते चित्रातही सावलीत राहू द्या. नसलेल्या पापण्या काढण्यापेक्षा गडद, मऊ सावली जास्त खरी वाटते.

रंग भरताना दोन गोष्टी तपासा. पहिली : अगदी जुन्या प्लेट आणि फिल्म निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे त्या फोटोंत ओठ आणि त्वचेतली लाली प्रत्यक्षापेक्षा गडद येते, तर निळे डोळे फिके. फोटो खूप जुना असेल तर त्वचेचा वर्ण त्यावरून ठरवू नका, ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. दुसरी : जुन्या प्रती कधी कधी उलट्या छापल्या गेलेल्या असतात. केसांचा भांग, शर्टाची बटणपट्टी, खिसा (तो बहुधा डाव्या छातीवर असतो) आणि मागे एखादी पाटी असेल तर तिच्यावरची अक्षरं यांवरून फोटो सुलटा आहे का ते बघून घ्या. भांगाची बाजू चुकली तर नेमकं काय खटकतंय ते कुणाला सांगता येत नाही, पण खटकतं सगळ्यांनाच.

प्रश्न : नाक, डोळे, ओठ सुटे पाहिले तर बरोबर वाटतात, पण चेहरा भलत्याच कुणाचा दिसतो. कितीही घोटलं तरी साम्य येत नाही.

उत्तर : घोटणं थांबवा. साम्य अवयवांच्या तपशिलात नसतं, ते त्यांच्यामधल्या अंतरांत आणि डोक्याच्या एकूण आकारात असतं. दूरवरून चालत येणारा ओळखीचा माणूस आपण डोळे-नाक दिसण्याआधीच ओळखतो, ते त्यामुळेच.

सुरुवात केस, डोकं, मान आणि खांदे मिळून होणाऱ्या एकाच बाह्याकृतीपासून करा. ती एका रंगात सपाट भरा आणि फोटोतल्या आकृतीशी ताडून बघा. मग डोकं किती अंशांत कललं आहे ते दोन्ही डोळ्यांमधून जाणाऱ्या रेषेवरून ठरवा. हा कल चुकला तर पुढचं सगळं चुकतं. त्यानंतर डोळ्यांचे बाहेरचे दोन कोपरे आणि नाकाचा तळ यांचा त्रिकोण काढा. फोटोतला त्रिकोण तुमच्यापेक्षा पसरट आहे की उभट, एवढं एक पाहिलं तरी बहुतेक चुका सापडतात.

सरासरी मापं पाठ असू द्या. डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या मध्यावर डोळे. दोन डोळ्यांत एका डोळ्याइतकं अंतर. केसांच्या रेषेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ आणि तिथून हनुवटी हे तीन भाग जवळजवळ सारखे. कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान. पण ही मापं चेहरा त्यांत बसवायला नाहीत, तो त्यांतून कुठे बाहेर पडतो हे पाहायला आहेत. तुमची व्यक्ती सरासरीपासून कुठे वेगळी आहे त्या तीन-चार गोष्टी कागदावर शब्दांत लिहा : नाकाखालचा भाग लांब, डावी भुवई उंच, खालचा ओठ जाड, डोळे जवळ. रंगवताना हात नकळत सगळं सममित आणि सरासरी करत जातो. ही यादी समोर असली की तो वेळीच आवरता येतो.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. डोळे मोठे आणि फार वर काढले जातात, त्यामुळे कपाळ आखूड होतं. डोकं थोडं वळलेलं असेल तर पलीकडचा डोळाही अलीकडच्याइतकाच रुंद काढला जातो. बुबुळाचं पूर्ण वर्तुळ दाखवलं जातं आणि माणूस दचकल्यासारखा दिसतो. वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग थोडा झाकतेच.

तपासणीसाठी कॅनव्हास दर दहा-पंधरा मिनिटांनी आडवा उलटा करा. क्रिटामध्ये एम दाबलं की दृश्य आरशातल्यासारखं उलटतं. सरावलेल्या डोळ्याला न दिसणारा तिरकेपणा तेव्हा लगेच दिसतो. दुसरी परीक्षा : चित्र स्क्रीनवर २०० पिक्सेल उंचीचं होईपर्यंत लहान करा. त्या आकारात माणूस ओळखू येत नसेल तर पुढे जाऊ नका. पापण्यांचे केस काढून साम्य येणार नाही, फक्त ती चूक दुरुस्त करणं जिवावर येईल.

फोटोची निवडही महत्त्वाची. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या फोटोत नाक मोठं, कान मागे गेलेले आणि चेहरा निमुळता दिसतो. दीड-दोन मीटरवरून काढलेला फोटो घ्या. अनेक फोटो असतील तर चेहऱ्यासाठी एकच मुख्य ठेवा. बाकीच्यांतून फक्त माहिती घ्या, उदाहरणार्थ कानाची पाळी किंवा चष्म्याची काडी. एकातले डोळे आणि दुसऱ्यातलं हसू जोडलंत तर प्रकाशाची दिशा, डोक्याचा कल आणि वय, तिन्ही बिनसतात. हसताना गाल वर चढतात आणि खालची पापणी दाबली जाते, त्यामुळे हसरे ओठ गंभीर डोळ्यांखाली बसतच नाहीत.

प्रश्न : फोटोवरून ट्रेस करणं ही फसवणूक आहे का?

उत्तर : नाही, पण ट्रेसने मिळते ती फक्त कड. गालाचं हाड कुठे वळतं, कपाळाची बाजू कुठे सुरू होते, हे त्या रेषेत नसतं. म्हणून ट्रेस केलेल्या रेखाटनावरचं रंगकाम सपाट होतं. शिवाय लेन्सने केलेला विपर्यासही जसाच्या तसा उतरतो. उलट क्रम जास्त शिकवतो : आधी नजरेने काढा, मग फोटो ५० टक्के ओपॅसिटीने, म्हणजे अर्धपारदर्शक करून वर ठेवा, कुठे किती सरकलंय ते पाहा, फोटो बंद करा आणि हाताने दुरुस्त करा. ट्रेस करून काढलेलं चित्र इतरांना दाखवताना तसं सांगा.

प्रश्न : माझ्या चित्रातली त्वचा एक तर मेणाच्या पुतळ्यासारखी गुळगुळीत होते किंवा मळकट. फोटोतूनच आयड्रॉपरने रंग उचलते, तरी असं होतं.

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत.

गुळगुळीतपणा एअरब्रश आणि रंग फासून मिसळणाऱ्या स्मज टूलमुळे येतो. सगळीकडच्या कडा सारख्याच मऊ झाल्या की हाड आणि मांस यांतला फरक मिटतो. चेहऱ्यावर कडा तीन तऱ्हेच्या लागतात. नाकाने गालावर टाकलेली सावली कडक कडेची असते. गालाची गोलाई मऊ वळते. सावलीतला जबडा मानेच्या सावलीत इतका मिसळतो की कड हरवते. आधी कडक ब्रशने तीनच छटा लावा : उजेड, मधली, सावली. त्या तिघांत चेहरा उभा राहिला की मधल्या दोन-तीन छटा घाला. दोन छटांमध्ये स्मज फिरवण्याऐवजी त्यांच्या मधला रंग उचलून छोट्या फटकाऱ्यांनी भरा.

मळकटपणाची कारणं बहुधा दोन. एक म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मल्टिप्लाय लेअरवर करड्या किंवा काळ्या रंगाने टाकलेली सावली. त्वचेची सावली काळी नसते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत ती लालसर तपकिरीकडे झुकते, आणि उजेड-सावलीच्या सीमेवर रंग सर्वांत तजेलदार असतो. मल्टिप्लाय वापरायचंच असेल तर उबदार विटकरी किंवा फिका जांभळा घ्या. दुसरं कारण आयड्रॉपर. जेपीईजी फोटोत शेजारशेजारचे पिक्सेलही वेगळ्या रंगाचे असतात, तुमच्या वाट्याला नेमका कोणता आला ते कळत नाही. शिवाय फोटोतला रंग शेजारच्या रंगांमुळे तसा दिसत असतो. तो उचलून वेगळ्या पार्श्वभूमीवर ठेवलात की मरगळलेला वाटतो. आयड्रॉपरने उत्तर तपासा, पण रंग आधी स्वतः निवडा.

चेहऱ्याचे तीन पट्टे लक्षात ठेवा. कपाळ जरा पिवळसर, कारण तिथे कातडीखाली लगेच हाड आहे. गाल, नाक आणि कान लालसर, कारण तिथे रक्त जास्त. जबडा आणि हनुवटी थोडी थंड, करडी. पुरुषांत दाढीच्या खुंटांमुळे ती अधिकच तशी दिसते. वर्ण कोणताही असो, हा फरक असतोच. तो फार सौम्य ठेवा.

छटा बरोबर आहेत का हे पाहण्यासाठी सर्वांत वर काळा भरलेला लेअर ठेवून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेअरशी मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ करा, चित्र करड्या छटांत दिसेल. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये सॅच्युरेशन शून्यावर आणून तपासू नका. त्या पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच करड्या छटेचे दिसतात, प्रत्यक्षात मात्र पिवळा कितीतरी उजळ असतो.

प्रश्न : सरांचा चष्मा जाड भिंगांचा आणि मिशा पांढऱ्याशुभ्र. दोन्ही काढले की चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात.

उत्तर : चष्मा नेहमी सगळ्यात शेवटी सुचतो, आणि तिथेच घोटाळा होतो. ऱ्हस्वदृष्टीच्या, म्हणजे उणे नंबरच्या भिंगातून डोळा लहान दिसतो आणि गालाची कड भिंगाच्या आत सरकलेली दिसते, चेहऱ्याची बाह्यरेषा तिथे तुटते. अधिक नंबरच्या भिंगात डोळा मोठा होतो आणि कड बाहेर ढकलली जाते. फोटोत हा तुटलेपणा नीट पाहा आणि तसाच काढा. कितीतरी लोक ती कड सरळ करतात आणि चष्म्याला नुसत्या काचा बसवल्यासारखं दिसतं. फ्रेमची सावली गालावर आणि नाकाच्या बाजूला पडते, ती घातली की चष्मा चेहऱ्यावर बसतो. भिंगावरची चमक वेगळ्या लेअरवर, खालचा रंग उजळवणाऱ्या ‘स्क्रीन’ ब्लेंड मोडमध्ये ठेवा आणि बाहुलीवरून जाऊ देऊ नका.

पांढऱ्या मिशा पांढऱ्या रंगाने सुरू करू नका. आधी मधला उबदार करडा सपाट भरा, नाकाखाली आणि ओठांच्या कोपऱ्यांशी तो गडद करा. प्रकाशाकडच्या पुंजक्यांवर फिका करडा. शुद्ध पांढऱ्याच्या जवळ जाणारे केस शेवटी, मोजके. मिशीची कड त्वचेत मऊ मिसळू द्या आणि बाहेर येणारे केस थोडेच, वेगवेगळ्या लांबीचे काढा. डोळ्याचा पांढरा भागही असाच. तो करडा असतो, वरच्या पापणीच्या सावलीत अजून गडद. डोळ्यातल्या प्रकाशबिंदूहून उजळ काहीही डोळ्यात नको, आणि दोन्ही डोळ्यांतला बिंदू प्रकाशाच्याच बाजूला हवा.

प्रश्न : आईच्या चेहऱ्यावर भाजल्याची खूण आहे आणि सुरकुत्या खूप. आदराने काढायचं चित्र, तर त्या काढू की नको? मागे किरणांचं वलय घालावं असंही मनात आहे.

उत्तर : आईला विचारता येत असेल तर आधी त्यांना विचारा. त्यांचा शब्द शेवटचा. त्या राहू दे म्हणाल्या तर जरूर राहू द्या. खूण पुसली की चित्र त्यांचं राहत नाही, आणि आदर ज्या आयुष्याबद्दल आहे ते आयुष्यच त्या खुणेत आहे. मात्र ती रंगवताना आजूबाजूच्या त्वचेच्या छटेतच ठेवा. सावलीत असेल तर सावलीइतकीच गडद, फरक फक्त पोताचा आणि किंचित रंगाचा. सुरकुत्यांचंही तेच. गडद रेषा ओढली की वय दहा वर्षांनी वाढतं. सुरकुती ही घडी असते, तिला एक मऊ सावलीची बाजू असते आणि शेजारी उजेडाची. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या आणि नाकापासून ओठांकडे येणाऱ्या मुख्य घड्या घ्या, बाकीच्या मधल्या छटांत सुचवा.

वलय टाळा असंच आम्ही सांगू. चेहऱ्यामागे सर्वांत उजळ जागा आली की नजर चेहरा सोडून तिकडे जाते. त्याऐवजी पार्श्वभूमी चेहऱ्याच्या उजेडाच्या बाजूला थोडी गडद आणि सावलीच्या बाजूला थोडी उजळ ठेवा. चेहरा आपोआप पुढे येतो. सांगायचंच असेल काही तर एक वस्तू पुरे, त्यांच्या रोजच्या हाताळणीतली. ती चेहऱ्यापेक्षा कमी तपशिलात रंगवा. हात दाखवता आले तर फारच उत्तम. चेहऱ्याइतकंच हातांवरून माणूस कळतो. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या लांबीच्या जवळपास असते, नवशिके हात नेहमी लहान काढतात.

प्रश्न : इंटरनेटवरचा खेळाडूचा फोटो पाहून चित्र काढलं तर चालतं का?

उत्तर : घरी सरावासाठी सहसा अडचण येत नाही. प्रसिद्ध करायचं किंवा विकायचं असेल तर फोटोचा हक्क सहसा छायाचित्रकाराचा किंवा संस्थेचा असतो, खेळाडूचा नव्हे. त्यांची परवानगी लागते, आणि विक्रीसाठी त्या व्यक्तीचीही संमती घ्यावी. मुक्त परवान्याचे फोटोही मिळतात. त्यांच्या अटी वाचा, नाव द्यायला सांगितलं असेल तर द्या.

प्रश्न : स्क्रीनवर सुंदर दिसणारं चित्र छापल्यावर काळवंडतं. सावलीतला कान तर गायबच झाला.

उत्तर : स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद नुसता परत फेकतो. त्यातून बहुतेकांची स्क्रीन पूर्ण उजेडावर असते. रंगवताना स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याइतकाच दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. स्वयंचलित ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळसर मोड बंद ठेवा. सावल्या पूर्ण काळ्यापर्यंत नेऊ नका, सर्वांत गडद जागेतही आकार वाचता यायला हवा.

काम एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत करा. छापणाऱ्याने स्वतःचा रंगप्रोफाइल दिला असेल तर सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावून बघा, तजेलदार लाल आणि निळे कुठे फिके पडतात ते आधीच कळेल. प्रोफाइल नसताना स्वतःच सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत बदलू नका. चुकीच्या प्रोफाइलने बदललेले रंग परत येत नाहीत. पूर्ण ए३ छापण्याआधी चेहऱ्याचा ए५ एवढा तुकडा त्याच कागदावर, खऱ्या आकारात छापून घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. गडद आला तर मूळ फाइलला हात न लावता वर एक कर्व्हज (छटा उजळ-गडद करणारा) लेअर ठेवून मधल्या छटा थोड्या उचला, आणि ती प्रत छपाईची म्हणून वेगळी सेव्ह करा.

कडेपर्यंत छापायचं असेल तर चारही बाजूंना ३ मिलीमीटर जादा चित्र हवं. कॅनव्हासच्या कापडावर छापून चौकटीवर ताणणार असाल तर प्रत्येक बाजूला ४-५ सेंटीमीटर, नाहीतर डोक्यावरचे केस चौकटीच्या कडेवरून मागे जातात. कागद आम्लमुक्त आणि शाई पिगमेंटची मागा, ती डाय शाईपेक्षा उशिरा उडते. काच लावणार असाल तर चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या. दमट हवेत काचेला टेकलेली छपाई तिलाच चिकटते आणि सोडवताना शाई निघून येते.